ग्रेडरचं डोकं

वेदना माणसाला अंतर्मुख करते, असं थोरामोठ्यांनी लिहून ठेवलं आहे. मी ते बऱ्याच पुस्तकांत वाचलं आहे आणि एकदोन ठिकाणी पेन्सिलीने खूणही केली आहे. प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा मी महागावच्या भाड्याच्या घरात, न्हाणीघरात, एका डोळ्यात साबण घेऊन पाटावर बसलो होतो. माझ्या अंतरात तेव्हा फक्त एकच प्रश्न होता: तांब्या कुठे गेला.

थंडीचे दिवस होते. रॉडने तापवलेलं कढत पाणी मी वाकून डोक्यावर घेतलं आणि डोकं फुटलं. दुखायला लागलं असं म्हणता येणार नाही. दुखायला लागणं म्हणजे हळूहळू चढणं, कपाळ दाबणं, चहा मागणं. इथे श्वास घेतला तेव्हा काही नव्हतं आणि सोडला तेव्हा सगळं होतं. जिनिंगमध्ये रुईची गाठ बांधताना वरून प्रेसचा दट्ट्या येतो आणि खोलीभर रुई पेटीएवढी होते. तो दट्ट्या माझ्या कवटीत उतरला. मला ओकारी आली. मी डोकं दोन्ही हातांत धरून भिंतीला टेकलो आणि पहिला विचार केला तो देवाचा नव्हता. न्हाणीच्या दाराला आतून कडी आहे आणि बाहेरून ते ठोठावणारं कुणी नाही, एवढंच सुचलं.

मी एकटा राहत होतो. लग्न जमलं नाही. त्याचं कारण लोक विचारत, आणि सांगण्यासारखं कारण नसल्यामुळे त्यांना ते फार गंभीर असावं असं वाटे. बहीण कळंबला होती. तिच्या घरी मी वर्षातून एकदा, चतुर्थीला तिथल्या चिंतामणीच्या देवळातली गर्दी संपल्यावर जात असे.

तासाभराने दट्ट्या वर गेला. मी अंग पुसलं, कपडे घातले आणि कामावर गेलो.

काम कापसाच्या ग्रेडरचं. खरेदी केंद्रावर बंड्यांची, म्हणजे कापूस भरलेल्या बैलगाड्यांची, रांग लागायची. मी प्रत्येक बंडीत कोपरापर्यंत हात घालून आतला कापूस काढायचो, दोन अंगठ्यांमध्ये ओढून धाग्याची लांबी बघायचो, ओल बघायचो, कवडी म्हणजे किडका, डागाळलेला कापूस आणि पाला किती तो बघायचो, आणि मग एक शब्द बोलायचो. त्या शब्दावर समोरच्याचं वर्ष ठरायचं. त्यामुळे या धंद्यात एक रीत आहे: ग्रेडरबरोबर कुणी चहा घेत नाही. ज्याला चांगली ग्रेड मिळाली त्याच्याबरोबर घेतला तर चहा त्याने पाजला म्हणतात, ज्याला हलकी मिळाली तो स्वतःच घेत नाही, आणि हमालांना वाटतं की साहेबाला आपल्यासोबत चालणार नाही. पेरणीपासून वेचणीपर्यंत लोक नमस्कार तरी करत. हंगाम सुरू झाला की तोही बंद. मी बदल्यांच्या गावी अशीच वर्षं काढली होती. पुस्तकं बरीच वाचून झाली.

ती वर्षं वाईट होती. जिल्ह्याचं नाव पेपरात एकाच कारणासाठी यायचं आणि जवळजवळ रोज यायचं. ते वाचून मुंबई-दिल्लीहून गाड्या यायच्या. गाड्यांतून उतरलेली माणसं बांधावर उभी राहून फोटो काढायची, आणि त्यांच्या पांढऱ्या बुटांना काळी माती लागली की खाली बघायची.

दुसऱ्यांदा डोकं फुटलं ते भर केंद्रात. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची बंडी होती. कापूस आतून ओला निघाला. मी हलकी ग्रेड सांगितली, कापसाची तूस नाकात गेली म्हणून जोरात शिंकलो, आणि दट्ट्या खाली आला. मी मागच्या कापसाच्या गंजीवर बसलो. बसलो काय, पडलोच. दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं. रांगेतली सगळी माणसं गप्प झाली. बैलसुद्धा गप्प होते, पण ते नेहमीच असतात.

म्हातारा खाली उतरला आणि माझ्यासमोर उकिडवा बसला.

"काहून रडून राह्यले साहेब?"

मी डोकं आणखी घट्ट धरलं.

"राहू द्या जी," तो म्हणाला. "जे लावाचं थे लावा. मी काई म्हनत नाई. पन असं रडू नोका."

मागून कुणीतरी म्हणालं, "सायबाले लागलं मनाले."

"लागनच ना. मानूसच हाय थो बी."

हे वाक्य माझ्याबद्दल त्या आवारात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं होतं. मी ते खोडून काढण्याच्या स्थितीत नव्हतो.

आता इथे एका शिबिराबद्दल सांगायला हवं. महिनाभरापूर्वी आमच्याच केंद्राच्या शेडमध्ये तणावमुक्तीचं शिबिर झालं होतं. बॅनर होतं, समई होती, आणि समई वाऱ्याने विझायची म्हणून ती धरायला दोन कर्मचारी होते. शाली आणि नारळ झाले. ज्यांच्यासाठी शिबिर होतं ते लोक बंड्या सोडून येऊ शकत नव्हते, म्हणून खुर्च्या भरायला तालुक्यातल्या अंगणवाडीच्या बाया बोलावल्या होत्या. शेवटी एक बाई बोलल्या. त्या एकट्याच कामाचं बोलल्या. माणूस गप्प गप्प राहतो, जेवत नाही, एकटा बसतो, आपल्या आवडीच्या वस्तू वाटून टाकतो, ही लक्षणं दिसली तर त्याला एकटं सोडू नका, घातक वस्तू नजरेआड करा, त्याच्याजवळ बसा. बायांनी लक्ष देऊन ऐकलं. मीही ऐकलं, मागच्या खांबाला टेकून, आणि ही सगळी लक्षणं माझ्यात कितीतरी वर्षांपासून आहेत असं माझ्या लक्षात आलं. कुणी पाहिली नव्हती इतकंच. त्यातून दिवाळीत मी जुनी पुस्तकं शाळेला देऊन टाकली होती, कारण घरात वाळवी लागली होती.

माझ्या शेजारची ताई अंगणवाडीत सेविका होती आणि त्या शिबिरात पहिल्या रांगेत बसली होती. बौद्ध कुटुंब. तिचा नवरा एस.टी.त ड्रायव्हर, त्यामुळे घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. घरात तिचे सासरे होते, डेपोतून निवृत्त झालेले मेकॅनिक. त्यांना सगळी गल्ली बाबा म्हणायची. भिंतीला भिंत लागून आम्ही दोन वर्षं राहत होतो आणि आमचं बोलणं नळाला पाणी आलं की नाही यापलीकडे गेलं नव्हतं.

गंजीवर पडलो त्या दिवशी संध्याकाळी घरी आलो तर ताई माझ्या अंगणात उभी होती. अंगणातली कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी नाहीशी झाली होती. माझा सदरा घडी घालून ओट्यावर ठेवला होता.

"दोरी कुठं गेली?"

"आमाले लागत होती भाऊ," ताई म्हणाली. "आन्‌ थे फिनाईलची बाटली बी मीच नेली. आमच्या इथचं संपलं."

"आणि कोयता?"

"थो बाबाईले पाह्यजे होता."

एवढ्यात बाबा माझ्या अंगणातल्या न्हाणीतून बाहेर आले. त्यांच्या हातात पेचकस आणि दाराची कडी होती.

"गंजली होती," ते म्हणाले. "नवी लावून देतो. आता लगेच नाई."

मग ते माझ्यामागोमाग घरात आले आणि माझ्या एकुलत्या एका खुर्चीवर बसले. तेव्हा मला शिबिर आठवलं.

"बाबा, मला काही झालेलं नाही," मी म्हणालो. "माझं फक्त डोकं दुखतं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"हो ना," ताई फार मऊ आवाजात म्हणाली. "डोकंच दुखते."

त्या दिवसापासून मी एकटा राहिलो नाही. सकाळी ताई चहा घेऊन यायची आणि मी पिईपर्यंत उभी राहायची. संध्याकाळी बाबा यायचे. जेवण त्यांच्याकडून यायचं: ज्वारीची भाकर आणि सोले-वांग्याची, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांची आणि वांग्याची भाजी, आणि मी किती खाल्लं ते ताट परत नेताना पाहिलं जायचं. पेपरही आधी त्यांच्याकडे जायचा. माझ्या हाती येईपर्यंत त्याला भोकं पडलेली असायची. नको त्या बातम्या ताई कात्रीने कापून काढायची. त्या वर्षीचा पेपर असा होता की काही दिवशी पान हातात धरलं तर भोकांतून बाबा दिसायचे.

मी त्यांना खरं सांगायचं सोडलं नाही. रोज सांगत होतो. पण आपल्याला काही झालं नाही असं वारंवार सांगणं हेही एक लक्षण आहे, असं शिबिरातल्या बाईंनी सांगितलं होतं, हे ताईचं म्हणणं.

"साहेब, लगन काहून नाई केलं?" बाबांनी एकदा विचारलं.

"जमलं नाही."

"आता पाहू काय एखादी?"

"डोकं दुखतं हो बाबा."

"लगन झाल्यावर दुखतेच. तुमी आंधीपासूनच काहून सुरू केलं?"

आणि ते स्वतःच इतके हसले की खोकला लागला. मीही हसलो. हसताना डोक्यात बारीक कळ आली, म्हणून मी गप्प झालो. त्यांनी ते पाहिलं आणि पुढचा अर्धा तास लग्न हा विषय किती वाईट आहे यावर बोलत राहिले.

मला मरायचं आहे अशी सगळ्यांची खात्री होती. खरं म्हणजे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला संध्याकाळ होण्याची वाट बघावीशी वाटत होती. कामावरून निघालो की पाय भराभर पडायचे. आणि त्याच वेळी मला भीती वाटायची, कारण डोकं मधूनच फुटत होतं: कढत पाणी घेताना, बंडीवर चढताना, खोकताना. गावातल्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, केंद्रावरची गोष्ट त्यांच्याही कानावर आली होती, आणि ते म्हणाले, "टेन्शन घेऊ नका." मी घेत नाही म्हणालो. त्यांनी मान डोलावली आणि झोपेच्या गोळ्या लिहिल्या. त्या ताईने मेडिकलमधून परस्पर घेतल्या आणि स्वतःकडे ठेवल्या.

एका सकाळी न्हाणीत पुन्हा तेच झालं, पण यावेळी डावा हात ऐकेना. तांब्या निसटला, बादली उलटली आणि मी तिच्या शेजारी. हाक मारायला तोंड उघडलं तर शब्दांऐवजी नुसता लगदा बाहेर आला. फरशीवर गाल टेकवून मी दाराकडे बघत होतो. दाराला कडी नव्हती. बादलीचा आवाज ऐकून ताई धावत आली आणि दार ढकलून आत शिरली. मी पंचा नेसलेला होतो, हे इथे स्पष्ट करून ठेवतो.

"बाबा! भाऊनं काई खाल्लं काय पाहा!" ती ओरडली.

बाबांनी माझं तोंड हुंगलं. "साबनाचा वास येते," ते म्हणाले. "जीप सांगतो."

ताईबरोबर जीपने नागपूरला पोचेपर्यंत हात परत आला होता आणि बोलणंही. मेंदूच्या डॉक्टरांची खोली शिल्डांनी भरलेली होती. भिंतीवर ते तीन मंत्र्यांबरोबर हसत होते आणि एका मंत्र्याबरोबर गंभीर होते. मी अशा भिंतींवर विश्वास ठेवत नाही. पण या माणसाने पंधरा मिनिटं मध्ये न बोलता माझं ऐकलं, आणि हे मला शिल्डांवरून कळलं नसतं. स्कॅन झालं, पाठीतून पाणी काढलं, रक्तस्राव नाही हे ठरलं. मग मेंदूतल्या नळ्यांचा वेगळा फोटो काढला.

"औषधं कोणती घेता?" त्यांनी विचारलं.

"कुठलीच नाही."

एवढं बोलून मी शिंकलो, सवयीने खिशातून बाटली काढली, मान मागे टाकली आणि दोन्ही नाकपुड्यांत थेंब सोडले. बाटलीबरोबर सर्दीच्या गोळ्यांची पट्टी टेबलावर पडली. डॉक्टर बघत राहिले.

"हे काय आहे?"

"नाकाचं."

"औषध घेत नाही म्हणालात."

"हे औषध नाही. आमच्याकडे सगळेच घेतात."

ते खरं होतं. हंगामात आवारात तूस इतकी उडते की नाक उघडं ठेवायचं तर गोळी आणि थेंब लागतातच. हमाल, काटेवाले, कारकून, सगळे तंबाखूसारखे एकमेकांकडून मागून घ्यायचे. औषध म्हणजे आजारी पडल्यावर घ्यायचं ते. हे कामाचं सामान होतं. मी जेवणाआधी, जेवणानंतर आणि जेवणाऐवजी घेत होतो.

डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला. मेंदूतल्या रक्तवाहिन्या सरळ नळीसारख्या दिसायला हव्या होत्या. माझ्या जागोजाग आवळल्या होत्या, मधे फुगलेल्या, ओवलेल्या मण्यांसारख्या. त्या आवळतात तेव्हा डोकं असं फुटतं, ते म्हणाले. सर्दीच्या औषधाने नाकातल्या नसा आवळतात म्हणून नाक मोकळं होतं. काही माणसांत ते औषध तेवढ्यावर थांबत नाही. मग कढत पाणी, शिंक, खोकला, जोर लावणं, काहीही पुरतं. क्वचित अर्धांगवायू होतो, क्वचित रक्तस्राव. बहुतेकांत काही आठवड्यांत सगळं आपोआप सैल पडतं. या आजाराला अलीकडेच नीट नाव मिळालं आहे, असं म्हणून त्यांनी ते सांगितलं. ते इतकं लांब होतं की ऐकतानाच मला धाप लागली. गोळी आणि थेंब बंद. रक्तवाहिन्या सैल करणारं दुसरं औषध सुरू. कढत पाणी बंद, वजन उचलणं बंद.

"आणि टेन्शन?" ताईने विचारलं.

"कसलं टेन्शन?"

"म्हंजे मनाचं."

"मनाचं मला काही दिसत नाही यात," डॉक्टर म्हणाले. "हा नळ्यांचा प्रश्न आहे."

परतीच्या जीपमध्ये ताईने औषधाची चिठ्ठी दोनदा वाचली. वर्धा मागे पडल्यावर ती म्हणाली, "म्हंजे खरंच डोकंच दुखत होतं?"

"हो."

"मंग सांगाचं ना भाऊ."

"रोज सांगत होतो."

तिने थोडा विचार केला. "जोरात नाई सांगतलं," ती म्हणाली आणि झोपली.

तिला माझा राग आला नव्हता. उलट तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी मोठं उतरलं होतं. ते काय होतं हे मला कळायला वेळ लागला. एवढे दिवस ती रोज सकाळी माझं दार ढकलताना आत काय दिसेल याची तयारी करून येत होती.

नवं औषध लागू पडलं. महिन्याभरात डोकं फुटणं थांबलं. पहिल्या आठवड्यातच दोरी परत आली, मग फिनाईल, मग कोयता. बाबांनी न्हाणीला नवी कडी बसवली आणि ती दोनदा लावून-काढून दाखवली. पेपर अख्खा येऊ लागला. पहिल्या दिवशी मी तो सगळा वाचला आणि ताई काय काय कापत होती ते कळलं. त्या दिवशी मी जेवलो नाही. पण आता ताट बघणारं कुणी नव्हतं.

संध्याकाळचं येणं बंद झालं ते कुणी ठरवून नाही. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला एक घर होतं, तिथला माणूस गेले काही दिवस कुणाशी बोलत नव्हता. त्याचं डोकं दुखत नव्हतं. बाबा आता तिथे बसायचे. कामावरून येताना मला ते त्याच्या ओट्यावर दिसायचे, मोठ्यांदा काहीतरी सांगताना. ते हात वर करायचे, मीही करायचो. त्यांना थांबवून ठेवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. मी बरा होत होतो. मनात एकदा येऊन गेलं की अजून थोडं दुखतं म्हणून सांगावं. पण त्या वर्षांत बसायला जावं अशी घरं गावात कमी नव्हती, आणि बसणारी माणसं मोजकी होती. मी घरी येऊन कुकर लावायचो.

उन्हाळ्यात पुन्हा फोटो काढायला नागपूरला गेलो. यावेळी एस.टी.ने, एकटा. मणी गेले होते. रक्तवाहिन्या सरळ आणि रुंद होत्या. डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी लावले आणि मला जवळ बोलावलं, आणि ते ज्या अभिमानाने बघत होते त्यावरून त्यांनीच त्या घडवल्या असं वाटत होतं.

"आजाराची काही खूण उरलेली नाही," ते म्हणाले. "जणू काही झालंच नव्हतं."

"तेच," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऊन अजून भिंतींतून निघत होतं. मी दार उघडं टाकून पुस्तक घेऊन बसलो होतो आणि एकच पान पुन्हा पुन्हा वाचत होतो. बाबा आले. हाक न मारता आत आले, खुर्ची ओढली आणि कूलरच्या समोर बसले. मागोमाग ताई आली. तिच्या हातात निवडायची तुरीची डाळ होती. ती जमिनीवर टेकली.

"गल्लीच्या टोकाचा तो कसा आहे?" मी विचारलं.

"बरा हाय. काल शिवी देल्ली मले," बाबा म्हणाले. "आता काई भेव नाई."

डाळ सुपात सरसरत होती. आजार, गैरसमज, भीती यांच्या पलीकडेही काही उरतं, माणूस माणसाकडे काही कारण नसतानाही येतो, असं एक वाक्य माझ्या मनात तयार होत होतं आणि ते चांगलं होतं. ते मी बोलूनही टाकलं असतं. त्याऐवजी मी विचारलं, "आज इकडे कसे काय?"

"आमच्या इकडची लाइन गेली ना," बाबा म्हणाले. "तुमच्या इथची जात नाई."

ते खरं होतं. माझं घर गल्लीत पहिलं असल्यामुळे बाजार समितीच्या विजेच्या फीडरवर होतं.